केरातले सोने आणि हिरड्याचे पाणी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला विज्ञान शिकवीत. मी मात्र आयुष्यभर मराठी शिकवली. त्यामुळे यंदाचे व्याख्यान मी द्यावे असा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. सरांच्या वर्गात माझे गुण कधी अभिमानाने सांगावेत असे नव्हते. पण निरोप घेऊन आलेल्या माजी विद्यार्थ्याने सांगितले, "विषय तुमच्या मनाचा घ्या, पण सरांना आवडला असता असा घ्या." ही अट मला मानवली. आजचा विषय त्या अटीतून निघाला आहे. निकामी झालेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्यात जे सोने, चांदी, पॅलॅडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात ते वनस्पतिजन्य पदार्थांच्या साहाय्याने परत मिळवता येतील काय, आणि येत असतील तर त्याचा लाभ नेमका कोणाला व्हावा, याविषयी मी बोलणार आहे. मी शास्त्रज्ञ नाही. जे वाचले, ज्यांनी समजावून सांगितले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगेन.

सरांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले, तेही तेथे सर्व विषय उर्दूतून शिकवले जात त्या काळात. १९१७ साली येथे स्थापन झालेल्या दारुल तर्जुमा या भाषांतरसंस्थेने पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंतची परिभाषा उर्दूत घडवली होती. त्या परिभाषेत वाढलेले सर आम्हांला मराठीतून शिकवताना मधूनच 'तेजाब' म्हणून जात, मग थांबून 'आम्ल' म्हणत आणि स्वतःशीच हसत. एकदा त्यांनी आपला अंगठा सर्व वर्गाला दाखवला. त्यावर पिवळा डाग होता. ते म्हणाले, "ही हळद नव्हे. हा नत्राम्लाचा डाग आहे. धुतल्याने जात नाही. कातडी झडते तेव्हाच जातो." तो पिवळा अंगठा मी पुढे कित्येक वर्षे विसरून गेलो होतो. तो आठवण्याचा प्रसंग पुढे आला.

मी जुन्या मराठी हस्तलिखितांच्या भाषेवर काम केले. त्यातील शब्दांची एक सूची मी अकरा वर्षे संगणकावर उतरवीत होतो. सहा-सात वर्षांपूर्वी तो संगणक बंद पडला. मुलाने नवा आणून दिला, आणि जुना मी घरी नसताना दारावर आलेल्या कबाडीवाल्याला दिला गेला. शब्दसूची दुसरीकडे उतरवून ठेवली आहे असा घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात तिचा निम्मा भागच उतरवलेला होता. दोन दिवसांनी मी त्या कबाडीवाल्याला शोधून काढले. त्याने आपल्या मालकाकडे पाठवले, मालकाने आणखी पुढे पाठवले. अशा रीतीने शहराच्या एका टोकाला पत्र्याच्या आडोशात चाललेल्या एका कामाच्या जागी मी जाऊन पोहोचलो. तिचा पत्ता मी सांगणार नाही. दोष एका पत्त्याचा नाही.

तेथे एका बाजूला शेगडीवर हिरव्या पाट्या तापवून त्यांवरचे भाग चिमट्याने ओढून काढले जात होते. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची पिंपे होती. त्यांतून तपकिरी वाफ निघत होती आणि तिच्या वासाने घसा धरत होता. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पिंपात काठी फिरवत होता. मी जवळ जाऊ लागलो तसा तो ओरडला, "तेजाब है चाचा, उधरीच ठहरो!" साठ वर्षांपूर्वी वर्गात ऐकलेला तो शब्द असा कानावर आला. मुलाने काठी टेकवली तेव्हा त्याचे हात दिसले. दहाही बोटांची टोके पिवळी होती आणि दोन ठिकाणी कातडी सोलून निघाली होती. सरांचा एक अंगठा पिवळा होता. त्यांनी तो मुलांना सावध करण्यासाठी दाखवला होता. या मुलाला सावध करणारे कोणी नव्हते. तोच मला सावध करत होता.

माझी शब्दसूची मिळाली नाही. तिच्या तबकडीचे ॲल्युमिनियम आदल्याच दिवशी वजनावर गेले होते. परतताना मला राग आला होता, पण तो घरी पोहोचेपर्यंत टिकला नाही. माझे अकरा वर्षांचे काम गेले याचे दुःख होतेच. पण मी कचरा म्हणून दाराबाहेर टाकलेली वस्तू कोणाच्या हातांपर्यंत जाते, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधीही केला नव्हता, ही गोष्ट त्याहून अधिक टोचली. तेव्हापासून मी या विषयाचे वाचन करू लागलो.

मित्रहो, केरातून सोने काढणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सराफ्यातील दुकानांपुढचा केर, गटारातील गाळ, भट्टीची राख विकत घेऊन, ती पाण्यात धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्याला मराठीत 'झारेकरी' म्हणतात. हिंदुस्तानीत त्यालाच 'न्यारिया' म्हणतात. त्या शब्दात 'न्यारा', म्हणजे वेगळा, हे पद स्पष्ट ऐकू येते. जरीची जुनी लुगडी विकत घेऊन ती जाळून चांदी काढणारे फेरीवाले आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असतील. सोन्याच्या व्यवहाराने आपल्या भाषेला किती शब्द दिले आहेत! कस, कसोटी, बावनकशी, हीण, हीणकस. माणसाची पारख करताना आपण सोनाराचेच शब्द वापरतो. झारेकऱ्याचे नाव मात्र आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेले. ज्याने सोने अंगावर घातले तो भाषेत राहिला आणि ज्याने ते गाळातून वेचले तो बाहेर पडला.

आज झारेकऱ्याचा गाळ बदलला आहे. संगणक आणि मोबाईल यांच्या जोडण्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते. एका यंत्रात ते नखाएवढेही नसते, पण यंत्रांची संख्या प्रचंड आहे. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात रायचूर जिल्हा होता. तेथील हट्टीच्या सोन्याच्या खाणी आज कर्नाटकात आहेत. अशा खाणीत एक टन खडक फोडला तर काही ग्रॅम सोने हाती येते. चांगल्या प्रतीच्या एक टन सर्किट-पाट्यांतून शंभर-दोनशे ग्रॅम निघू शकते. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, आणि शहरांतील कपाटांत व माळ्यांवर ही दुसरी खाण वाढत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद असलेला भाग होता फक्त २२.३ टक्के. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जुनी उपकरणे गोळा केली. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाईल होते. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने व ३,५०० किलो चांदी मिळाली आणि स्पर्धेतील सुमारे ५,००० पदके त्यातून घडली. मनावर घेतले तर काय होऊ शकते याचे हे उदाहरण आहे.

सोने काढण्याची अडचण सोन्याच्या स्वभावातच आहे. ते सहजासहजी कशातही विरघळत नाही. त्यासाठी नत्राम्ल आणि मिठाचे आम्ल यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, लागते, किंवा सायनाइड लागते. खाणींतून सायनाइडची पद्धत १८८७ पासून चालत आली आहे. विरघळलेले सोने पुन्हा घनरूपात आणणे ही पुढची पायरी. पत्र्याच्या आडोशात दोन्ही पायऱ्या उघड्यावर होतात. उरलेले पाणी, ज्यात तांबे, शिसे आणि आम्ल असते, ते जमिनीत किंवा नाल्यात सोडले जाते. सोने मालकाकडे जाते आणि बाकी सर्व त्या वस्तीत राहते.

आपल्या शहरात, चेर्लापल्ली येथे, केंद्र सरकारची सी-मेट ही संस्था आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर ती संशोधन करते. सर्किट-पाट्यांतून तांबे व मौल्यवान धातू सुरक्षितपणे वेगळे करण्याची तंत्रे तिने विकसित केली आहेत आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी एक विशेष केंद्रही तेथे उभे राहिले आहे. बंदिस्त भट्टी, वाफा धुऊन काढणारी यंत्रणा, विजेच्या साहाय्याने शुद्धीकरण, असा तो मार्ग आहे. तो योग्य आहे, पण त्याला भांडवल लागते. त्या पत्र्याच्या आडोशापर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

येथे वनस्पतींचा प्रवेश होतो, आणि या ठिकाणी माझा जुना विषय अनपेक्षितपणे माझ्या मदतीला आला. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याला शाईचा अभ्यास करावा लागतो. काजळाची शाई तर होतीच, पण हिरडा आणि हिराकस यांच्यापासून केलेली शाईही आपल्याकडे माहीत होती. हिरड्याच्या काढ्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. हिराकस हा लोहाचा क्षार आहे. दोन्ही एकत्र आले की टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि काळा रंग तयार होतो. हाच हिरडा आणि बाभळीची साल आपल्याकडे चामडे कमावण्यासाठी वापरतात. कोल्हापुरी वहाणेचे चामडे त्यावरच तयार होते. टॅनिन म्हणजे एक प्रकारे झाडाचा हात आहे. समोर आलेला धातू किंवा प्रथिन तो पकडतो.

हाच हात सोनेही पकडतो. जपानमधील संशोधकांनी वॅटल या बाभूळवर्गीय झाडाच्या सालीतील टॅनिन आणि पर्सिमॉन या तुरट फळाच्या सालीतील टॅनिन घेऊन त्यांपासून पाण्यात न विरघळणारी जेली बनवली. सोने विरघळलेल्या आम्ल द्रावणात ती टाकली असता तिने सोने ओढून घेतले. तांबे, जस्त, लोह यांसारखे धातू मात्र बहुतांशी द्रावणात मागे राहिले. येथे केवळ चिकटण्याची क्रिया होत नाही. टॅनिन स्वतः सोन्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देते आणि त्याचे धातुरूप सोने करते. जेलीवर सोन्याचे कण चमकू लागतात. स्वतःच्या वजनाहून अधिक वजनाचे सोने धरण्याची क्षमता अशा जेलींमध्ये आढळली आहे. शेवटी जेली जाळली की राखेत सोने उरते. म्हणजे झारेकऱ्याची राख पुन्हा आलीच!

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. अम्लराजातून सोने खाली बसवण्याचा एक जुना उपाय म्हणजे त्यात हिराकस टाकणे. तपकिरी भुकटी तळाशी जमते, ते सोने असते. त्या मुलाच्या पिंपाच्या तळाशी मी तशीच भुकटी पाहिली होती. म्हणजे आपल्या लेखकाच्या दौतीत जी दोन द्रव्ये एकत्र येत, त्यांपैकी हिराकस सोने खाली आणतो हे सोनाराला ठाऊक होते. दुसऱ्याच्या, म्हणजे तुरट सालीच्या अर्काच्या, अंगीही ही शक्ती आहे हे अलीकडच्या प्रयोगशाळांनी दाखवले.

दुसरे उदाहरण मक्याच्या पिठातल्या पिष्टाचे आहे. पिष्टापासून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचे कड्याच्या आकाराचे रेणू बनतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेझर स्टॉडर्ट यांच्या प्रयोगशाळेत झिचांग ल्यू हे तरुण संशोधक या रेणूंपासून वेगळीच रचना करू पाहत होते. सोन्याच्या क्षाराचे द्रावण व सायक्लोडेक्स्ट्रिनचे द्रावण एकत्र करताच काही मिनिटांत सुईसारखे बारीक स्फटिक खाली बसले. हवी होती ती रचना मिळाली नाही, पण सोने वेगळे करण्याचा सौम्य मार्ग सापडला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. प्लॅटिनम व पॅलॅडियम यांच्या तशाच क्षारांशी हे कडे असे वागत नाही, सोन्यालाच निवडते. सायनाइडच्या जागी भाकरीच्या धान्यातले पिष्ट! स्टॉडर्ट यांना पुढे २०१६ साली दुसऱ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ऐकून आपल्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे. आपले सोनारही दागिने रिठ्याने आणि चिंचेने उजळतात, रसशास्त्राच्या ग्रंथांत धातूंच्या शोधनाला वनस्पतींचे रस सांगितले आहेत, तेव्हा हे सर्व आपल्याकडे पूर्वीच होते, असा तो विचार. मला तो मोह आवरावा असे वाटते. चिंचेचे आम्ल दागिन्यातील तांब्यावर आलेला मळ काढते, सोने विरघळवत नाही. रसशास्त्रातील शोधन औषधासाठी आहे, कचऱ्यातून सोने मिळवण्यासाठी नाही. पूर्वजांचा आदर त्यांना त्यांच्या खऱ्या कामाचे श्रेय देऊन करावा, दुसऱ्यांच्या कामाचे श्रेय देऊन नव्हे. आपल्याकडे जे खरोखर होते ते पुरेसे मोलाचे आहे. तुरट साल धातूला धरते हा अनुभव होता, आणि केरातले सोने वाया जाऊ न देणारा झारेकरी होता.

तसेच दुसऱ्या बाजूची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. टॅनिनची जेली काय किंवा मक्याचे पिष्ट काय, ही सोने वेचण्याची पायरी आहे. सोने विरघळवण्याची पायरी त्याच्या आधी आहे आणि तेथे अजूनही तीव्र द्रव्ये लागतात. लिंबातील सायट्रिक आम्लासारख्या सौम्य द्रव्यांनी पाट्यांतील तांबे व इतर धातू विरघळवण्याचे प्रयोग झाले आहेत, परंतु सोने त्याला दाद देत नाही. शिवाय टॅनिन पाण्यात विरघळू नये म्हणून त्याची जेली करताना फॉर्माल्डिहाइड किंवा गंधकाम्ल वापरावे लागते. त्यामुळे 'वनस्पतिजन्य' हा शब्द ऐकून सर्व काही निर्मळ झाले असे समजू नये. हिरवा शब्द पडद्यासारखा वापरता येतो, आणि पडद्यामागे तेच पिंप असू शकते.

मग या संशोधनाचे महत्त्व कोणते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते दोन गोष्टींत आहे. पहिली ही की, जेथे सायनाइड किंवा महाग रासायनिक राळ लागे तेथे साल, फळाची टरफले, पिष्ट यांसारखे स्वस्त, दरवर्षी पुन्हा उगवणारे द्रव्य चालू शकते. पर्सिमॉन आणि आपली टेंभुर्णी ही एकाच कुळातली, एकाच प्रजातीगटातली झाडे. टेंभुर्णीच्या पानांवर तेलंगणातील हजारो स्त्रिया विड्या वळत आल्या आहेत. आपल्या हिरड्यातील टॅनिन जपानी सालीतील टॅनिनपेक्षा जातीने थोडे वेगळे आहे. हिरडा, बाभूळ, तरवड, टेंभुर्णी यांतील कोणते या कामी उत्तम उतरेल हे प्रयोगानेच ठरेल, अभिमानाने नव्हे. पण प्रयोग करण्याजोगी सामग्री आपल्या दारात आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जे तंत्र साध्या भांड्यांत आणि फार उष्णतेवाचून चालू शकते, ते लहान जागेत, लहान भांडवलावर नेता येते. म्हणजे पिवळ्या बोटांच्या त्या मुलापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता आहे. विरघळवण्याचे धोक्याचे काम बंदिस्त कारखान्यात व्हावे, पाट्या सोडवणे, निवडणे, वर्गवारी करणे ही कामे त्या लोकांकडे राहावीत, हातमोजे आणि मजुरी यांसह राहावीत, अशी वाटणी करता येईल. आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम प्रथम २०११ साली झाले, २०१६ साली सुधारले, आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकांवर जबाबदारी टाकली गेली हे उत्तम झाले. परंतु अधिकृत कारखाना उभा राहिला आणि त्या मुलाचा रोजगार तेवढा बुडाला, तर तो दुसऱ्या आडोशात दुसरे पिंप शोधेल. स्वच्छ तंत्राला त्याचे नाव, त्याचे कौशल्य आणि त्याचा हिस्सा मान्य करावा लागेल. पूर्वी झारेकऱ्याला आपण भाषेतून विसरलो. आताच्या झारेकऱ्याला नियमांतून विसरू नये.

सोन्याचा कस दगडावर घासून पाहतात. सोने काढण्याच्या पद्धतीचा कस मात्र काम करणाऱ्याच्या हातावर पाहावा, असे मला वाटते. संध्याकाळी घरी जाताना त्याची बोटे कशी आहेत, एवढे पाहिले तरी ती पद्धत बावनकशी की हीणकस हे कळेल. मग ती जेली झाडाची असो की कारखान्याची.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली माजी विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकी कित्येकजण या शहरातील संगणकाच्या उद्योगात आहेत, काही परदेशी आहेत. घरातील जुनी यंत्रे दारावर वजनाने देऊ नका. शाळेच्या आवारात एक पेटी ठेवावी, त्यात ती जमा व्हावीत आणि वर्षातून दोनदा अधिकृत केंद्राकडे पोहोचवून त्याची पावती सूचनाफलकावर लावावी, असे मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवले आहे. त्यांनी ते मान्य केले आहे. देण्यापूर्वी आपले लेखन मात्र दुसरीकडे उतरवून ठेवा, हे अनुभवाने सांगतो.

दुसरी विनंती विज्ञानाच्या शिक्षकांना. अम्लराज वर्गात आणू नका. पण हिरड्याचा काढा आणि थोडा हिराकस आणा, मुलांना शाई करू द्या. पिवळट पाणी डोळ्यांदेखत काळे होते तेव्हा झाड धातूला कसे धरते हे पाठ करावे लागत नाही. त्या शाईने मुलांना एक ओळ लिहू द्या, आणि मग जपानची जेली व मक्याचे पिष्ट यांची गोष्ट सांगा. एखादा मुलगा, एखादी मुलगी विचारेल, "बाई, सोन्यालाही असेच धरेल का?" तो प्रश्न विचारला गेला की सरांचे स्मारक झाले असे मी समजेन.

त्या पत्र्याच्या आडोशाकडे मी नंतर एकदा गेलो होतो. जागा रिकामी होती. जमीन मात्र काळी पडलेली होती आणि तिच्यावर गवत उगवले नव्हते. तो मुलगा कोठे गेला हे कोणाला सांगता आले नाही. त्याने मला "उधरीच ठहरो" म्हटले होते. मी त्या वेळी थांबलो. आज आपल्या सर्वांना सांगावेसे वाटते की आपण थांबू नये.